कोरियन हॉटेल बंद करण्याआधी घरातली लोणच्याची बरणी बघा

"डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. आमचं ऐकत नाहीत."

खोपटच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वडील सत्तरीचे, बीपीचे जुने पेशंट. तक्रार काय, तर महिन्यातून दोनदा ते कॉलेजमधल्या नातीबरोबर जवळच्या कोरियन हॉटेलात जेवायला जातात. "ते लालभडक तिखट या वयात कशाला? शिवाय त्यात अजिनोमोटो असतो." त्या दिवशी बीपी भरलं 156/92. मुलाला माझ्याकडून बंदीचा हुकूम हवा होता. तो मी दिला नाही. का दिला नाही, ते तुम्हालाही सांगतो, कारण असाच हुकूम मागायला तुमच्यापैकीही अनेकजण येतात.

तिखटाचा बाऊ

तिखटाने अल्सर होतो, हा समज अजून जात नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवलं, त्यासाठी 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. तिखटाने अ‍ॅसिडिटीचा त्रास वाढू शकतो, मूळव्याध असेल तर आग होते, हे खरं. ज्याला त्रास होतो त्याने ते टाळावं. पण ठाण्यात राहून, मामलेदारची मिसळ घाम पुसत खाऊन, कोरियन जेवणाला "फार तिखट" म्हणायचं? मिरची आपल्याकडे काय आणि कोरियात काय, बाहेरूनच आली. ती मूळची अमेरिका खंडातली.

अजिनोमोटोचंही तसंच. 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चायनीज हॉटेलातल्या जेवणानंतर होणाऱ्या त्रासाबद्दल एक पत्र छापून आलं आणि भीती जगभर पसरली. पुढे खाणाऱ्याला न कळू देता चाचण्या घेतल्या, तेव्हा नेहमीच्या प्रमाणात ठोस अपाय दिसला नाही. परक्या जेवणावर संशय घेणं सोपं असतं, एवढाच याचा धडा.

खरा प्रश्न मिठाचा

आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो. "किमची म्हणजे प्रोबायोटिक, कितीही खा" म्हणणारे रील्स बघून वाटीभर किमची खाणारेही माझ्याकडे येतात. 100 ग्रॅम किमचीत साधारण 500 मिलिग्रॅम सोडियम असतं. कोरियन इन्स्टंट नूडल्सच्या अनेक पाकिटांत 1,200 ते 1,800 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात 2,000 मिलिग्रॅमच्या आत राहा, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ. 2024 मध्ये डेन्मार्कने काही कोरियन नूडल्स फार तिखट म्हणून बाजारातून काढायला लावल्या, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. मिठाची मात्र बातमी होत नाही.

कोरियाने स्वतः हे मान्य केलं. तिथल्या सरकारने मीठ कमी करण्याची मोहीम हाती घेतली, आणि माणशी रोजचं सोडियम 2010 मधल्या 4,831 मिलिग्रॅमवरून 2014 मध्ये 3,890 वर आलं. किमची सोडून नव्हे, किमची खातच.

आणि आपण? भारतीय माणूस दिवसाला सरासरी 8 ग्रॅम मीठ खातो. यातलं किती कोरियन हॉटेलातून येतं?

मी आजोबांना विचारलं, "घरी काय खाता?" सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी पोळी-भाजीबरोबर लोणचं आणि पापड, संध्याकाळी फरसाण, रात्री आमटीत वरून चिमूटभर मीठ. एका पापडातच 200 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. महिन्यात साधारण 90 वेळा माणूस खायला बसतो. त्यातल्या 2 वेळांवर बंदी घालायची आणि 88 वेळा बरणी ताटाशेजारी ठेवायची, याला पथ्य म्हणत नाहीत. आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. "बाहेरचं बंद" असं लिहायला दोन सेकंद लागतात, घरच्या ताटाची चौकशी करायला दहा मिनिटं.

मग हॉटेलात काय करायचं?

- सूप किंवा रामेनमधले नूडल्स, भाज्या खा. रस्सा बाऊलमध्येच सोडा, बरंचसं मीठ त्यात असतं.
- बिबिमबापवरचा गोचुजांग सॉस वेगळा मागा. तोही मीठ घालून आंबवलेला असतो. लागेल तेवढाच घ्या.
- किमची तोंडी लावण्यापुरती.
- त्या दिवशी घरी लोणचं, पापड, फरसाण नको.
- शाकाहारी असाल किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर आधी विचारा. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो.
- रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, किडनीचा किंवा हार्ट फेल्युअरचा त्रास असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा. थायरॉइड असेल तर समुद्री शेवाळाबद्दल विचारा.

आजोबांची गोळी मी बदलली, घरातली बरणी माळ्यावर ठेवायला सांगितली आणि हॉटेल चालू ठेवलं. निघताना ते म्हणाले, "नात आता दुसऱ्या कुणाशी एवढं बोलत नाही, डॉक्टर." मुलगा गप्प होता.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं असं एखादं आवडीचं ठिकाण असेल, तर ते बंद करण्याआधी आठवडाभर घरातलं मीठ मोजा. महिन्याला मिठाची किती पाकिटं लागतात आणि घरात माणसं किती, एवढं कळलं तरी पुरे. तो आकडा घेऊन दवाखान्यात या. मग बोलू.

(हा लेख माहितीसाठी आहे. बीपीची गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका.)