बेटावर एक रात्र, सहकुटुंब

(द्वितीय वर्ष, कला)

अभयारण्य हे दिवसा जाऊन पाहण्याचे ठिकाण आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आहे. माझे म्हणणे असे की ते रात्री, आणि तेही घरच्या माणसांना बरोबर घेऊन पाहावे. त्यातही पहिला मान किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या घरांना मिळावा. हे म्हणणे काही जणांना विचित्र वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. शिवरायांनी १६६४ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू केले तो सिंधुदुर्ग याच गाभ्यात येतो. तटाभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. पाहुणे येतात, पाण्यात डोके घालून तासभर प्रवाळ पाहतात, छायाचित्रे काढतात आणि जेवणाला किनाऱ्यावर हजर होतात. त्यांची काही तक्रार नाही. माझी आहे. ज्यांची घरे समोरच्या वाळूत आहेत त्यांना हे अभयारण्य ठाऊक आहे ते केवळ एक मनाई म्हणून. माझे वडील मच्छीमार. त्यांची व्याख्या एका ओळीची आहे : "अभयारण्य म्हंजे माशांक अभय आनी आमका भय."

गेल्या मार्गशीर्ष अमावास्येला आम्ही घरची सहा माणसे किल्ल्यात मुक्कामाला होतो. तिथे पिढ्यानुपिढ्या राहणारी काही कुटुंबे आहेत, त्यांतल्या एका घराशी वडिलांचा घरोबा. तंबू वगैरे काही नव्हते. अंगणात गोधड्या अंथरल्या. पाहुण्यांची शेवटची होडी गेली आणि बेट एकदम मोठे झाले. तटाखाली लाट फुटे तिथे निळसर ठिणग्या उडत. हे नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव, असे मी पुस्तकी ज्ञान पाजळले. वडिलांनी ते ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, काळोख्या रात्री मासळीचा थवा कुठून जातो ते याच उजेडावरून कळते. प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, हेही मी सांगितले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की त्या खडकात बारीक मासळी लपते, म्हणून तिथे लहान आसाचे जाळे टाकू नये, ही त्यांच्या वडिलांची ताकीद होती. शास्त्रज्ञ प्रवाळाला माशांचे पाळणाघर म्हणतात. आमच्या घरात ही गोष्ट दोन पिढ्या आधीच होती. फक्त ती कोणी विचारली नव्हती. एरवी दिवसभरात आम्हा बापलेकांचे बोलणे चार वाक्यांचे. बोलायला रात्रच लागते.

पहाटे ओहोटी लागली, खडक उघडे पडले. आजीने जन्मभर किनाऱ्यावरच्या खडकांवरून कालवे काढली आहेत. ती खाली वाकली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हेंका हात लावूचो नाय मा?" घरात कायदा वाचता येणारा मी एकटा, म्हणून प्रश्न मला. मी नाही म्हणालो. तिने कोयती पदरात गुंडाळून ठेवली. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तिला कोणी आधी, नीट, तिच्या भाषेत काही सांगितले होते काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली. समुद्रातला भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित सांभाळावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे कलम आमच्या वाडीत मला विचारल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

आता कोणी म्हणेल, मुक्काम सुरू झाले की तंबूवाले येतील, शेकोट्या पेटतील, कर्णे लागतील. ही भीती खरी आहे. बेटावर गोड पाणी आहे ते दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींचे. तिथे दोनशे माणसांची जत्रा नकोच. म्हणून मी शिबिरांचा बाजार मागत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन, एका वेळी दोन-तीन कुटुंबे, शेकोटीविना, तिथल्याच घरांचे पाहुणे म्हणून. मंडणगड तालुक्यातील वेळासला कासवांची पिल्ले पाहायला येणारी मंडळी गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. त्यामुळे कासवाचे घरटे राखणे हे गावाचे स्वतःचे काम झाले. जे वाळूवर जमले ते खडकावर का जमू नये?

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी भरते. आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो, परत येतो. गुरुजनांना माझी विनंती की पुढील वर्षी त्यातली एक रात्र या कामी द्यावी. विद्यार्थी आणि मच्छीमारांची दोन-तीन घरे, आजी आणि लहान पोरे धरून, एकत्र असावीत. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रवाळ सांगावा आणि होडीवाल्यांनी पाणी सांगावे.

वडिलांना मी विचारून ठेवले आहे. ते म्हणाले, "सांगतलंय, पण वर्गात नाय. तुमच्या मास्तरांक होडयेत येवन बसूक सांग."