निष्ठेचा कौल, कळव्याचे प्रश्न

मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये अस्तित्वात आलेल्या मुंब्रा-कळव्याने आजवर एकच आमदार पाहिला आहे : जितेंद्र आव्हाड. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, बहुतांश आमदार अजित पवारांकडे गेले. आव्हाड शरद पवारांपाशीच राहिले. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर त्यांचेच जुने सहकारी नजीब मुल्ला उभे ठाकले. राज्यात महायुतीची लाट, जिल्हा एकनाथ शिंदे यांचा. तरीही आव्हाड ९६ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. निष्ठेला मतदारांनी दाद दिली, एवढे खरे. मात्र २०१९ ते २०२२ गृहनिर्माणमंत्री राहिलेल्या या नेत्याच्या कळव्यात धोकादायक इमारतींची टांगती तलवार कायम राहिली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी दगावले. विरोधी बाकांवरून या प्रश्नांची तड लावणे मंत्रिपदापेक्षा कठीण!