ज्यांच्या मृत्यूची तारीख नाही, त्यांचा स्मृतिदिन कधी?

भाद्रपदातला पितृपंधरवडा आला की नाशिकच्या बौद्ध वस्त्यांत ठरलेला वाद सुरू होतो. कुणाच्या तरी घरी सर्वपित्री अमावास्येला खीर-वडे होतात, एक ताट गच्चीवर कावळ्यासाठी जाते आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर बावीस प्रतिज्ञांचा फोटो फिरू लागतो. २०२५ मध्ये ही अमावास्या २१ सप्टेंबरला होती, तर अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला. म्हणजे ज्या घरात कावळ्याला ताट गेले, त्याच घरातले लोक अकरा दिवसांनी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला बसले.

श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडण्याची शपथ आपण १९५६ साली घेतली आहे. त्यावर चर्चा नको. पण ते ताट अजून का निघते, हे आजीला फैलावर घेणाऱ्या तरुणांनी एकदा समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

आपल्या घरांत मृतांची आठवण काढण्याची पद्धत मधल्या काळात बरीच बदलली. दहावे-तेराव्याच्या जागी जलदान विधी, पुण्यानुमोदन आणि शोकसभा आली. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, परित्राणपाठ होतो, आप्त दोन शब्द बोलतात. वर्षश्राद्धाचा ‘प्रथम स्मृतिदिन’ झाला आणि तो तिथीने नव्हे, तर मृत्यूच्या दाखल्यावरच्या तारखेने पाळला जातो. हा बदल चांगलाच. (शोकसभेच्या नावाखाली होणारी फ्लेक्सबाजी आणि जेवणावळी हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.)

अडचण आहे ती तारीख नसलेल्यांची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावकुसाबाहेर कोण कधी गेले, याची नोंद ठेवण्याची फिकीर कुणाला होती? ‘बाजरी काढणीला गेली’, ‘मोठ्या पुराच्या साली गेला’, एवढेच घरात सांगितले जाते. सर्वपित्री अमावास्या नेमकी अशांसाठीच असते. ज्याची तिथी माहीत नाही, त्याला त्या दिवशी जेवू घालायचे. आपण अमावास्या नाकारली, तारखेचा स्मृतिदिन स्वीकारला आणि या दोन्हींच्या मध्ये पणजोबा-पणजी पडून राहिले. आजी गच्चीवर ताट नेते ती त्यांच्यासाठी. त्यांचे नाव घ्यायला आपण तिला दुसरा दिवसच दिलेला नाही.

धम्म मृतांची आठवण काढू नका असे सांगत नाही. सिगालोवाद सुत्तात मुलांची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत गेलेल्या आईवडिलांच्या नावे दान देणे हे एक आहे. आपल्या त्रिरश्मी लेण्यांवरच पाहा. सतराव्या लेण्याच्या शिलालेखात इंद्राग्निदत्त नावाचा यवन सांगतो की हे लेणे आपण आईवडिलांप्रीत्यर्थ कोरवून घेतले आणि भिक्खुसंघाला दिले. तिसरे लेणे गौतमी बलश्रीचे. त्या लेखात ही माता आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सविस्तर सांगते आणि नातू पुळुमावी एक गाव लेण्याला देऊन त्याचे पुण्य वडिलांच्या नावे करतो. पांडवलेणी म्हणून तिथे सेल्फी काढणाऱ्या आपल्याच पोरांना हे ठाऊक नसते. कंबोडियातले बौद्ध तर याच कृष्णपक्षात ‘प्चुम बेन’ पाळतात आणि पूर्वजांच्या नावे विहारात अन्न नेतात. तरी आपण तो पंधरवडा उचलू नये. रामकुंड ज्या शहरात आहे तिथे त्या दिवसांत केलेली कोणतीही गोष्ट शेवटी श्राद्धातच जमा होते.

मग दिवस कोणता? काही जण १४ ऑक्टोबर सुचवतील, पण तो उत्सवाचा दिवस आहे. ६ डिसेंबरला निम्मे घर चैत्यभूमीकडे निघालेले असते. नाशिकपुरता आम्ही २ मार्च सुचवतो. १९३० मध्ये याच तारखेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांची नावे इतिहासात आली. त्यांच्यामागे चालत आलेल्या, मार खाल्लेल्या, गावी परतल्यावर बहिष्कार सोसलेल्या हजारोंची आली नाहीत. तारीख नसलेले आपले पूर्वज बरेचसे त्याच पिढीतले आहेत.

मार्चात दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, हे खरे. पण लागतो तो एक तास. फोटो असेल तर फोटो, नसेल तर कागदावर नाव लिहून ठेवावे. वंदना घ्यावी. त्या नावाने विहाराच्या अभ्यासिकेला वह्या-पुस्तके द्यावीत. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बोलते करावे आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करावे: कोणत्या गावचे, काय काम करायचे, सत्याग्रहाला कोण गेले होते, घरातले देव कुणी आणि कधी नदीत सोडले. गच्चीवर ताट नेणाऱ्या आजीलाच पहिल्यांदा बोलू द्यावे, कारण बहुतेक घरांत ही नावे आता तिलाच माहीत आहेत. २ मार्च २०३० ला सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. सत्याग्रहींची मुले आज ऐंशी-नव्वदीत आहेत.