आधी एक पावसाळा जाऊ द्या

मुंबई-ठाण्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की तरुण जोडपी लगेच फॉल्स सीलिंग आणि भिंतभर कपाटांच्या मागे लागतात. माझ्या मते हे काम एक पावसाळा जाईपर्यंत थांबवावे. बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पाणी, वरच्या बाथरूमची गळती, खिडकीच्या चौकटीतली फट हे सगळे खरे जुलैतच कळते. प्लायवूडआड ओल लपली, तर बुरशीचा वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पण तुम्हीच आधी टाइल्स फोडून नळ हलवले असतील, तर दोष कोणाचा, या वादाला आयतेच निमित्त मिळते.

भाडे आणि हप्ता एकदम झेपत नाही, शिवाय राहत्या घरात सुतारकाम म्हणजे डोक्याला ताप, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच राहायला जाणे लांबवू नये. ओटा, ग्रिल, पंखे आणि एखादे सुटे कपाट एवढ्यावर संसार सुरू होतो. (‘अजून घर लावलं नाही?’ हा नातेवाइकांचा प्रश्न तेवढा सोसावा लागेल.) बाहेरच्या भिंतींना टेकणारे फर्निचर मात्र भिंती सुकल्यावर, ऑक्टोबरनंतरच करावे.