शून्य कधी लावायचे, कधी गाळायचे?

आपल्या भागातली सोयरीक एका राज्यात मावत नाही. लेक उदगीरला, आत्या जहिराबादला, मेव्हणा सोलापूरला आणि धाकटा दुबईला, अशी घरे भालकी-बसवकल्याणकडे गल्लोगल्ली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात आणि बाकीचा भाग म्हैसूर राज्यात.

पुढे फोनचे कोड आले, त्यांतही ही वाटणी दिसते. बिदर ०८४८२, भालकी ०८४८४. पण शेजारचे उदगीर ०२३८५ आणि सोलापूर ०२१७. गुलबर्ग्याचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले, कोड मात्र ०८४७२ हाच राहिला.

सुरुवातीचे शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात. बिदरच्या कोडात चार आकडे, म्हणून घरचा नंबर सहा आकडी. सोलापूरच्या कोडात तीन, म्हणून तिथला नंबर सात आकडी. लिहून घेतलेला नंबर बरोबर आहे का, हे असे मोजून पाहता येते.

आता शून्याकडे वळू. कन्नडमध्ये सोन्ने म्हणा, काम तेच. हे शून्य गावाच्या कोडाचा भाग नाही. फोन गावाबाहेर जातोय, एवढेच ते एक्स्चेंजला सांगते. दोन शून्ये म्हणजे देशाबाहेर. म्हणून दुबईहून बिदरला फोन लावताना ००, मग भारताचा ९१, मग ८४८२ आणि घरचा नंबर. आतले शून्य गाळायचे. अमेरिकेतून ०० ऐवजी ०११ लावतात. मोबाइलवर शून्याचे बटण दाबून धरले की अधिकचे चिन्ह उमटते. ते कुठल्याही देशात चालते.

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या वहीत दुबईच्या मुलाचा नंबर होता, ०५ने सुरू होणारा. मुलाने तिथल्या पद्धतीने लिहून दिलेला. एका रात्री आजोबांना दवाखान्यात हलवले. घरचे तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिले, लागेना. दोन तासांनी नातवाने सुरुवातीचे शून्य काढून +९७१ जोडले आणि मुलगा फोनवर आला.

म्हणून वहीत नंबर पूर्णच लिहा. दुबई-अबुधाबीसाठी ९७१, सौदी ९६६, कुवेत ९६५, इंग्लंड ४४, अमेरिका १. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी अडीच तास. तेवढे पाहून फोन करा. व्हॉट्सअॅपवर बोलतोच की, असे कोणी म्हणेल; पण दुबईकडे त्यावरच्या बोलण्याला वर्षानुवर्षे अटकाव राहिला आहे, आणि अडीअडचणीला नेट असेलच असे नाही.

देशातल्या देशात एक लक्षात ठेवा. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावेच लागते.

आणि अनोळखी परदेशी कोडवरून एकच घंटा वाजून फोन बंद झाला, तर उलट फोन करू नका. अशा कॉलचे पैसे भरमसाट कापले जातात आणि त्यातला वाटा फसवणाऱ्याला मिळतो.

या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांची वही काढा, प्रत्येक परदेशी नंबर त्यांच्याच हाताने एकदा लावून घ्या. मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा की कन्नडमध्ये. पण देशाचा कोड पुढे हवाच.