विश्लेषण : चौदाव्या वर्षी करार, पंचविशीत स्वत:ची कंपनी... इलेक्ट्रोपॉप गायिका रॉबिनची वाटचाल आज महत्त्वाची का?

अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टने मे २०२५ मध्ये आपल्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे परत विकत घेतली. आपणच गायलेल्या गाण्यांसाठी आपणच पैसे मोजायचे, हा व्यवहार अनेकांना अजब वाटला. पण संगीत व्यवसायात तो अजब नाही. गाणे कोणाचे, हा वाद जुना आहे आणि वीस वर्षांपूर्वी स्टॉकहोममधील एका गायिकेने तो निराळ्या पद्धतीने सोडवला होता. रॉबिन हे तिचे नाव. तिची गोष्ट बहुधा ‘पुनरागमना’ची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती मालकीची गोष्ट आहे.

रॉबिन कोण, आणि तिची सुरुवात कशी झाली?

रॉबिन मिरियम कार्लसनचा जन्म १२ जून १९७९ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. आई-वडील स्वतंत्र नाटक मंडळी चालवत. त्यामुळे बालपण बरेचसे दौऱ्यांत, रंगमंचाच्या आगेमागे गेले. १९९१ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीवरील मुलांच्या क्रीडा कार्यक्रमाचे शीर्षकगीत तिने गायले. त्याच सुमारास आई-वडील विभक्त झाले आणि त्यावर तिने स्वत: एक गाणे रचले. मेया ही स्वीडनमधील पॉप गायिका कार्यशाळेसाठी शाळेत आली असता रॉबिनने तिला ते ऐकवले. गाणे ऐकून मेया थक्क झाली आणि तिने आपल्या व्यवस्थापकांशी गाठ घालून दिली. चौदाव्या वर्षी, १९९३ मध्ये, रॉबिनचा पहिला ध्वनिमुद्रण करार झाला.

गायिका शाळेत येते, कार्यशाळा घेते आणि मुले तिला स्वत:ची गाणी ऐकवतात, हे स्वीडनमध्ये नवलाचे नव्हते. तेथे नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत आणि मुलांना तेथे अत्यल्प शुल्कात वाद्य शिकता येते. पुढे जगभरच्या पॉप संगीतावर छाप पाडणारा गीतकार-निर्माता मॅक्स मार्टिन यानेही आपल्या जडणघडणीचे श्रेय सार्वजनिक संगीतशिक्षणाला दिले आहे. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा देश इतके गायक-संगीतकार कसे घडवतो, याचे बरेचसे उत्तर या शाळांत आहे. १९७४ मध्ये युरोव्हिजन जिंकणाऱ्या ‘आबा’चे नाव त्यानंतर येते.

चौदाव्या वर्षीचा करार म्हणजे नेमके काय?

प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, ती गीतकार-संगीतकाराची. स्टुडिओत तयार झालेले ध्वनिमुद्रण ही दुसरी. त्यालाच ‘मास्टर’ म्हणतात. पारंपरिक करारात ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करते आणि मास्टर कंपनीकडे राहतो. गायकाला आधी काही रक्कम मिळते, पण ती बक्षीस नसते. ऊसतोड कामगाराच्या उचलीसारखी ती विक्रीतल्या वाट्यातून फिटेपर्यंत गायकाच्या हाती काही पडत नाही. अनेकदा स्टुडिओचा, चित्रफितीचा खर्चही याच खात्यावर चढतो. उचल फिटली तरी मास्टर कंपनीचाच. कोणते गाणे कुठे प्रसिद्ध करायचे आणि कोणते फडताळात ठेवायचे, हे सहसा कंपनी ठरवते. चौदा वर्षांच्या मुलीला यातले किती कळत असेल? मोठ्यांनाही कळत नाही. रॉबिनची पहिली कंपनी वर्षभरातच बीएमजी या बड्या समूहाने विकत घेतली. म्हणजे करार जिच्याशी केला, ती कंपनीही तीच राहिली नाही.

यश तर मिळाले, मग बिनसले कुठे?

यश भरघोस होते. ‘रॉबिन इज हिअर’ हा पहिला अल्बम १९९५ मध्ये स्वीडनमध्ये आला. त्यातील दोन गाण्यांसाठी तिने डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन या स्टॉकहोमच्या चेइरॉन स्टुडिओतील मंडळींबरोबर काम केले. ‘डू यू नो’ आणि ‘शो मी लव्ह’ ही ती दोन गाणी १९९७ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत प्रत्येकी सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. गीतलेखनात रॉबिनचाही वाटा होता. तिचे वय तेव्हा १८.

मात्र अमेरिकेतील दौरे आणि प्रसिद्धीचा रेटा तिला झेपला नाही. अतिश्रमाने ती आजारी पडली आणि मायदेशी परतली. पुढच्याच वर्षी ब्रिटनी स्पीअर्सचे ‘बेबी वन मोअर टाइम’ आले. लेखक मॅक्स मार्टिन, स्टुडिओ तोच चेइरॉन. किशोरवयीन मुलीचा आवाज, नाचता येईल असा ठेका आणि चटकन जिभेवर बसणारी ओळ, हे सूत्र आता जगभर खपणार होते. त्याची चाचणी ज्या आवाजावर झाली, ती मुलगी स्टॉकहोममध्ये विश्रांती घेत होती. तिने संधी गमावली, असे तेव्हा म्हटले गेले. पुढच्या दशकात स्पीअर्सचे आयुष्य कसे इतरांच्या हाती गेले, हे पाहता आज तसे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुसरा अल्बम ‘माय ट्रुथ’ १९९९ मध्ये आला. त्यातील काही गाण्यांत रॉबिनने १९९८ मध्ये केलेल्या गर्भपाताचा अनुभव होता. अमेरिकेतील कंपनीला तेथील श्रोत्यांसाठी बदल हवे होते. तिने नकार दिला, आणि अल्बम अमेरिकेत प्रसिद्धच झाला नाही. कंपनीने गाण्यांवर बंदी घातली नाही, कोणी तिला गप्प बसवले नाही. फक्त ती गाणी त्या बाजारात आणली नाहीत. मास्टर दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

ती मग ‘जाइव्ह’ या दुसऱ्या कंपनीकडे गेली. तेथे २००२ मध्ये ‘डोन्ट स्टॉप द म्युझिक’ हा अल्बम आला आणि त्याच वर्षी बीएमजीने जाइव्हची मालक असलेली ‘झोम्बा’च विकत घेतली. ज्या घरातून बाहेर पडली, त्याच घराच्या मागच्या दाराने ती पुन्हा आत आली होती!

इलेक्ट्रोपॉपकडे ती वळली कशी?

जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क’ने सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर जे संगीत उभे केले, त्याला ब्रिटिश तरुणांनी गुणगुणता येण्याजोग्या चाली दिल्या, इलेक्ट्रोपॉपचे मूळ तिथले. आवाज यंत्राचा, गाणे मात्र माणसाचे. यंत्र स्वस्त होत गेले तसे मोठ्या स्टुडिओवाचून, वादकांच्या ताफ्यावाचून घरच्या खोलीत गाणे करता येऊ लागले. ही शैली आणि स्वातंत्र्य यांचे नाते असे थेट खर्चाशी जोडलेले आहे.

रॉबिनला हे उमगले ते ‘द नाइफ’मुळे. कारिन आणि ओलोफ ड्रायर या भावंडांची ही जोडी स्वत:च्या छोट्या कंपनीतून आपले विचित्र, थंड, पण नाचायला लावणारे संगीत काढत होती. त्यांच्याबरोबर रॉबिनने ‘हूज दॅट गर्ल’ हे गाणे केले. ते कंपनीला आवडले नाही. कंपनीला जुन्या धाटणीची रॉबिन हवी होती. तिने वाटाघाटी करून करारातून स्वत:ला सोडवून घेतले आणि २००५ मध्ये ‘कोनिचिवा रेकॉर्ड्स’ सुरू केली. जपानी नमस्काराचे नाव असलेल्या या कंपनीची मालक तीच आणि मुख्य गायिकाही तीच.

त्याच वर्षी ‘रॉबिन’ हा अल्बम आला. दहा वर्षे गाऊन झाल्यावर कलावंताने अल्बमला फक्त स्वत:चे नाव द्यावे, हे बोलके आहे. क्लास ओलुंड हा त्यातील प्रमुख साथीदार. ‘हूज दॅट गर्ल’ही त्यात होतेच. अल्बम स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि तेथील ‘ग्रॅमिस’ पुरस्कारांत त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. कंपनीच्या जाणकारांना जे विकले जाणार नाही असे वाटले होते, तेच विकले गेले.

स्वत:च्या कंपनीने काय साधले?

पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रक. २००७ च्या ऑगस्टमध्ये क्लीरपबरोबरचे ‘विथ एव्हरी हार्टबीट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले, म्हणजे स्वीडनमध्ये अल्बम आल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. बड्या कंपनीने इतकी वाट क्वचितच पाहिली असती. याच्या उलट २०१० मध्ये तिने ‘बॉडी टॉक’ तीन भागांत, जून ते नोव्हेंबरदरम्यान काढला. तोवर श्रोते एकेक गाणे उतरवून घेऊ लागले होते. दोन-तीन वर्षांतून एक जाडजूड अल्बम ही रीत मोडायला तिला कोणाची परवानगी लागली नाही.

आणि पुढे? पुढे आठ वर्षे तिने स्वत:चा पूर्ण अल्बमच काढला नाही. जुना सहकारी क्रिश्चन फाल्क याचे २०१४ मध्ये निधन झाले, जवळचे नाते तुटले, ती मानसोपचार घेत होती. ‘हनी’ आला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. या आठ वर्षांत कराराची मुदत दाखवून दार ठोठावणारे कोणी नव्हते. मालकीचा खरा लाभ मला पैशापेक्षा इथे दिसतो. १९९७ मध्ये थकलेल्या मुलीला जे मिळाले नव्हते, ते तिने स्वत:च मिळवले होते.

नाचायचे गाणे आणि रडवेला आशय, हे कसे?

‘बॉडी टॉक’मधील ‘डान्सिंग ऑन माय ओन’ हे तिचे सर्वाधिक गाजलेले गाणे. प्रसंग साधा आहे. आपला माणूस दुसरीबरोबर आहे हे नृत्यशाळेच्या कोपऱ्यातून पाहणारी स्त्री तिथून निघून जात नाही, एकटीच नाचत राहते. मंद चालीवर हेच सांगितले तर दया येते. इथे ठेका थांबत नाही, म्हणून हिंमत दिसते. २०१६ मध्ये कॅलम स्कॉट या ब्रिटिश गायकाने हे गाणे पियानोवर संथ करून गायले, तेही ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. ते कानाला गोड आहे, पण माझ्या मते मूळ गाण्यातली धग त्यात उरत नाही. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रम संपल्यावर घरी निघालेल्या श्रोत्यांनी भुयारी रेल्वेच्या फलाटावर हेच गाणे एकमुखाने गायले. एकटेपणाचे गाणे गर्दीने म्हटले!

हा मार्ग सगळ्यांना खुला आहे का?

नाही. रॉबिनने कंपनी काढली तेव्हा ती नवखी नव्हती. तिचे नाव होते, दहा वर्षांचा अनुभव होता आणि मायदेशी हक्काचे श्रोते होते. शिवाय कोनिचिवाने स्वीडनबाहेर वितरणासाठी बड्या कंपन्यांशीच हातमिळवणी केली. अमेरिकेत इंटरस्कोप, ब्रिटनमध्ये आयलंड. फरक इतकाच की, आता ती मालक म्हणून टेबलाच्या पलीकडे बसली होती. बड्यांवाचून चालते, असा निष्कर्ष यातून काढू नये. करार संपला म्हणून जुनी ध्वनिमुद्रणे आपोआप गायकाकडे येत नाहीत, हेही खरे. टेलर स्विफ्टची ध्वनिमुद्रणे आधी २०१९ आणि मग २०२० मध्ये तिच्या हाती न येता विकली गेली, तेव्हा तिने तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याचा खटाटोप केला. तेवढी ताकद किती जणांकडे असते?

भारतात काय स्थिती आहे?

‘महल’ (१९४९) चित्रपटातील गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, पडद्यावरील पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. त्याच लताबाईंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांनाही मानधनाबरोबर विक्रीतला वाटा हवा, ही मागणी लावून धरली. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे होते. एकदा मोबदला घेतला की हिशोब मिटला. या मतभेदातून दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबवले. कायद्याने गीतकार-संगीतकारांना न विकता येणारा स्वामित्वधनाचा हक्क दिला तो २०१२ च्या दुरुस्तीने. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. याच दुरुस्तीने गायकांसारख्या सादरकर्त्यांच्या स्वामित्वधनाचीही तरतूद केली.

मुलांचा प्रश्न मात्र त्याहून नाजूक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, त्यामुळे सही पालकांची लागते. आज दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत दहा-बारा वर्षांची मुले हजारो घरांत पोहोचतात. त्यांच्या त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण कोणाचे, ते समाजमाध्यमांवर किती वर्षे चालणार, त्यातला वाटा कोणाला, हे त्या सहीच्या कागदावर लिहिलेले असते. रॉबिनने २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठाबरोबर ‘टेकला’ हा मुलींसाठीचा तंत्रज्ञान महोत्सव सुरू केला, तो ११ ते १८ वयोगटासाठी. तिने स्वत: पहिली सही केली ते वय याच गटातले.