दुसरे हेल्मेट

दिवाळीच्या सुटीचा पहिला दिवस उजाडला की वसतिगृहासमोर दुचाक्यांची रांग लागते. कुणी मोताळ्याहून, कुणी मेहकरहून आलेला बाप लेकराची पेटी मागे बांधतो, सोबत आणलेल्या धाकट्याला टाकीवर बसवतो आणि निघतो. बापाच्या डोक्यावर हेल्मेट असलेच, तरी लेकरांच्या डोक्यावर नसते. ज्यांच्या जेवणाची, तापाची, अभ्यासाची काळजी आम्ही वर्षभर वाहिली, ती मुले आमच्या देखत उघड्या डोक्याने फाटकाबाहेर पडतात आणि आम्ही हात हलवून निरोप देतो. या निरोपाचे ओझे आता आम्हांला जाणवू लागले आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. आपल्या पालकांच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात : राजूर घाटाची वळणे, बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे जाणारी वाट, मलकापूर-नांदुऱ्याकडची ट्रकांची वर्दळ. त्यात सुटीचे हे दिवस सोयाबीन-कापसाचे. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाही. डांबरावर वाळत घातलेल्या दाण्यांवरून चाक सहज घसरते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ४० च्या वेगाने ११ मीटर. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर निघून गेलेले असते. हा सहा मीटरांचा फरक पोहोचायला झालेल्या दहा मिनिटांच्या उशिराहून मोलाचा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. कलम १२८ नुसार चालकामागे एकच जण बसू शकतो. परंतु पोलिसांची भीती चौकापुरती टिकते. डोके मात्र सगळ्या वाटेवर तेवढेच नाजूक असते. भगवान बुद्धांनी अखेरच्या उपदेशात सांगितलेला अप्रमाद, म्हणजे सतत जागे असणे, तो रस्त्यावरही पाळायचा असतो.

‘शेतमजुराने दुसऱ्या हेल्मेटला पैसे कुठून आणावेत?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर केवळ पालकांकडे मागणे अन्यायाचे ठरेल. म्हणून आमचे मत असे की, ग्रंथालयातून पुस्तक द्यावे तसे वसतिगृहाने मुलांच्या मापाचे, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट सुटीपुरते द्यावे आणि शाळा उघडताना परत घ्यावे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला एकेक दिले तरी काही वर्षांत कपाट भरेल. मोठ्यांचे सैल हेल्मेट मुलाच्या कामाचे नाही. पट्टा न लावलेलेही नाही. ज्या घरी दोन मुले न्यायची आहेत, त्यांनी एसटीने यावे.

आणि शिक्षक म्हणून आम्ही एक नियम स्वतःला घालून घ्यावा : पट्टा बांधलेला पाहिल्याशिवाय मूल दुचाकीवर बसवून पाठवायचे नाही. पालक क्षणभर रागावतील. सुटीनंतर सारी मुले हजेरीला उभी राहिली, तर तो राग आम्हांला आनंदाने मान्य आहे.